पलटण मोडली, त्यानंतरचे काय?

आपल्या साहित्यात शिपाई आहे, पण तो नेहमी उभा आहे. म्हणजे असे की, तो एकतर १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी बंदूक घेऊन उभा असतो, नाहीतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला नव्या महार पलटणीच्या रांगेत उभा असतो. या दोन तारखांमध्ये १२३ वर्षे पडली आहेत. एवढ्या वर्षांत हा माणूस कोठे बसला, कोठे झोपला, कोणी त्याला घरी पाठविले आणि घरी गेल्यावर गावाने त्याला कोणत्या दाराने आत घेतले, याविषयी आपले कवी आणि आपले समीक्षक दोघेही जवळजवळ गप्प आहेत. या मौनाचा विचार आपण गंभीरपणे केलेला नाही, ही माझी तक्रार आहे. आणि तीत मी स्वतःलाही धरतो, कारण स्तंभावर मीही दोन कविता लिहिल्या आहेत.

मी चिखल्याचा. तुमसर-तिरोडी लाइनवर गोबरवाही स्टेशनाजवळचे हे मँगनीजच्या खाणीचे गाव. शिक्षक असताना एक खाणकामगार माझ्याकडे आपल्या वडिलांच्या ट्रंकेतला कागद घेऊन आला. "गुरुजी, याच्यात का लिवलं आहे जी?" घड्यांवर फाटलेला तो लष्करी डिस्चार्जचा कागद होता. उंची, छाती, कपाळावरचा व्रण, वर्तणूक उत्तम. सन १९४६. कमी करण्याचे कारण : आता गरज नाही. वडील कामठीला भरती झाले होते, एवढे मुलाला ठाऊक होते. दुसरी महार पलटण १९४२ साली कामठीलाच उभी राहिली आणि पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली. परत आल्यावर हा माणूस खाणीत गेला आणि बायकोबरोबर हातोड्याने मँगनीज फोडत बसला. गावात त्याला कोणी हवालदार म्हटले नाही. तो हवालदार होता, हे मला कागदावरून कळले.

मला असे वाटते की दलितांच्या लष्करी सेवेचा खरा इतिहास हा पलटणी उभ्या राहण्याचा नसून पलटणी मोडण्याचा आहे. कोरेगावच्या स्तंभावर कंपनीच्या ज्या ४९ मृतांची नावे आहेत, त्यांतली २२ 'नाक'ने संपतात. हा आकडा आता शाळकरी पोरही सांगते. परंतु त्याच नावांच्या नातवंडांना १८९० नंतर 'लढाऊ जमात' या नव्या शास्त्राने भरतीच्या मैदानावरून परत पाठविले. लॉर्ड रॉबर्ट्स हा सरसेनापती असताना हे शास्त्र पक्के झाले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडून टाकली. युद्ध आले की हे लोक लढाऊ, युद्ध सरले की पुन्हा महार!

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी बोलले. त्यांनी पूर्वजांच्या शौर्याची आठवण दिलीच. पण ज्यांच्यासाठी महार लढले त्या इंग्रजांनीच त्यांना पुढे सैन्याची दारे बंद केली, या कृतघ्नतेवरही त्यांनी बोट ठेवले. आपण त्यांच्या बोलण्यातला पहिला भाग पाठ केला आणि दुसरा विसरलो. 'इंग्रजांची चाकरी केली' असा टोमणा मारणाऱ्या प्रस्थापितांना या दुसऱ्या भागातच उत्तर आहे. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी नव्हते त्याला देशद्रोहाचा हिशोब विचारण्याचा हक्क त्या विहिरीच्या मालकांना कोणी दिला?

या मधल्या काळाचे वाङ्मय नाही असे म्हणता येणार नाही. ते अर्जांत आहे. अर्ज म्हणजे सरकारी कागद, त्यात कसले साहित्य, असे आपल्यातलेच काही प्राध्यापक म्हणतील. माझे मत उलट आहे. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः लष्करातून १८८६ साली निवृत्त झालेले. 'विटाळ विध्वंसन' लिहिणाऱ्या या माणसाने १८९४ साली भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून मराठीत अर्ज तयार केला. त्यात त्यांनी आपण मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा केला. आज हे वाचताना आपण अवघडतो. ज्या उतरंडीने चिरडले तिच्याच वरच्या पायरीवर जागा मागावी, हे काय? पण अर्ज वाचायचा तर मागणारा कोणापुढे उभा आहे हेही वाचले पाहिजे. ज्या सरकारने वंशावरून लढवय्येपण ठरविले, त्याच्यापुढे वंशाचाच पुरावा ठेवावा लागला. ही भाषा वलंगकरांच्या हाती सत्तेने दिलेली होती.

त्यानंतर सोळा वर्षांनी, १९१० मध्ये, शिवराम जानबा कांबळे यांनी पुढाकार घेऊन भारतमंत्र्याकडे अर्ज पाठविला. येथे सूर बदललेला दिसतो. क्षत्रियत्व मागे पडते आणि आम्ही माणसे आहोत, बादशहाची प्रजा आहोत, सैन्यात आणि पोलिसांत आम्हांला जागा हवी, असा हक्काचा स्वर वर येतो. विनवणीचे शब्द तेच आहेत, पण पाठीचा कणा वेगळा आहे. दलित साहित्याचे 'आत्मभान' आपण १९६० नंतर मोजू लागतो. ते १८९४ आणि १९१० या दोन कागदांच्या मधल्या अंतरात आधीच तयार होताना दिसते. आणि १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळात बसले तेव्हा अर्जाचा काळच संपला होता. त्यांनी पलटण मागितली नाही, ती करायला लावली.

छावणीने काय दिले आणि कोठपर्यंत दिले, हे पाहण्यासाठी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधली १९०१ ची हकीकत पुरेशी आहे. सुभेदार रामजी सकपाळांची मुले नीटनेटके कपडे घालून मसूर स्टेशनावर उतरतात. लष्करी शाळेत शिकविणाऱ्या पेन्शनर सुभेदाराची ही मुले. त्यांना गाडीवान मिळत नाही, वाटेत पाणी मिळत नाही. सुभेदारकी छावणीच्या फाटकापर्यंतच चालत होती, आणि मसूर फाटकाबाहेर होते.

हे आपल्याच नशिबी आले असे समजण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण मुद्दाम देतो. पहिल्या महायुद्धात तेथील आदिवासींना 'युरोपीय वंशाचे नाहीत' म्हणून सैन्यात घेत नव्हते. १९१७ मध्ये माणसे आटली तेव्हा आई किंवा बाप गोरा असेल तर चालेल, असे ठरले. (साल तेच, १११व्या महारांचे!) परतलेल्या गोऱ्या सैनिकांना शेतीसाठी जमिनी देण्याची योजना होती, त्यात आदिवासी सैनिकांच्या वाट्याला फारच थोडे आले. दुसऱ्या महायुद्धात टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील लोकांची पलटण उभारली आणि त्यांना गोऱ्या शिपायाच्या एक-तृतीयांश पगार दिला. १९४३-४४ च्या संधीवर या शिपायांनी काम बंद केले. युद्ध चालू असताना, गणवेशात! तेव्हा पगार दोन-तृतीयांश झाला. उरलेल्याचा हिशोब चुकता व्हायला १९८० चे दशक उजाडावे लागले. रेग सॉन्डर्स हा त्यांचा पहिला आदिवासी अधिकारी. त्याला १९४४ मध्ये कमिशन मिळाले, आणि एप्रिल १९५१ मध्ये कोरियातील काप्योंगच्या लढाईत तो एका कंपनीचा प्रमुख होता. त्याच ब्रिगेडबरोबर भारताचे ६० वे पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स पथक जखमींची शुश्रूषा करीत होते. १९६७ च्या सार्वमतापर्यंत सॉन्डर्सचे लोक देशाच्या शिरगणतीत मोजायचे नव्हते.

तिकडे या विस्मृतीवर आता नाटके होतात. टॉम राइट यांचे 'ब्लॅक डिगर्स' २०१४ मध्ये सिडनीला रंगमंचावर आले. आपल्याकडे काय आहे? व्ही. लाँगर यांचा 'फोरफ्रंट फॉर एव्हर' हा महार रेजिमेंटचा इतिहास १९८१ साली निघाला. तो उपयुक्त आहे, पण रेजिमेंटच्या इतिहासाची रीतच अशी की पलटण असेल तेथवर तो चालतो. शिपाई घरी निघाला की त्याचे पान मिटते. त्याच सुमारास आपली आत्मकथने येऊ लागली. त्यांनी गावकुसाबाहेरचे जग उघडे केले, आणि तेथे परत आलेला पेन्शनर एखाद्या ओळीत भेटतो : मिशावाला आजा, दारू पिणारा चुलता. तो का पितो हे लेखकाला विचारावेसे वाटलेले नाही.

विचारले असते तर १९४७ समोर आले असते. महार पलटणी पंजाबच्या सीमादलात होत्या आणि निर्वासितांचे रक्षण करीत होत्या. स्पृश्य, अस्पृश्य, शीख, मुसलमान, सगळ्यांचेच. त्याच डिसेंबरात बाबासाहेब नेहरूंना कळवीत होते की पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना 'अत्यावश्यक सेवा' म्हणून बाहेर पडू देत नाहीत. गावे रिकामी होत असताना भंग्याला मात्र थांबवून ठेवायचे, कारण शहराची घाण कोण काढणार? या प्रसंगावर कादंबरी लिहिता आली असती. फाळणीवर मराठीत पुष्कळ अश्रू गाळले गेले, त्यांत हा पहारेकरी नाही.

पुढे रेजिमेंट सर्व जातींना खुली झाली, दोन लष्करप्रमुख तिच्यातून आले. श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर गेलेल्या ८ व्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागल्यावरही लढत पडले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. हे घडले ते योग्यच झाले. महार नावाच्या पलटणीत मुंबईचा तमिळ अधिकारी मरतो, याला मी जातिव्यवस्थेला गेलेला एक तडा मानतो. पण त्या शांतिसेनेतल्या साध्या जवानांच्या बायका आज कोठे राहतात, हे आपल्या कार्यकर्त्यांनी जाऊन विचारले पाहिजे. त्या अजून आहेत. १९४२ च्या भरतीतले आता कोणी भेटणार नाही.

जिल्ह्याजिल्ह्यांतून हे कागद जमवायला विद्यार्थ्यांनी निघावे. पेन्शनबुके, डिस्चार्ज, मनीऑर्डरीच्या पावत्या, बायकोला दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली पत्रे. चिखल्याचा तो कागद मी वहीत उतरून घेतला आणि मूळ मुलाच्या हाती दिले. इंग्रजीत गावाचे नाव कारकुनाने चुकीचे लिहिले आहे. जातीचा रकाना मात्र बिनचूक भरला आहे, आणि खाली सहीच्या जागी अंगठा नाही. मोडी वळणाची, घाईघाईने केलेली सही आहे. मुलगा ती बराच वेळ पाहत होता. बापाला लिहिता येत होते, हे त्याला घरात कोणी सांगितले नव्हते.