फाळक्यांची फॅक्टरी आणि ‘ओनरशिप’

मंडळी, गेल्या वेळी आपण ‘कर्तव्य’ या शब्दावर बोललो. त्यानंतर काही श्रोत्यांनी जवळजवळ एकच प्रश्न पाठवला. आमच्या ऑफिसात सारखं ‘ओनरशिप घ्या, झोकून द्या’ असं सांगतात, ते कर्तव्यातच येतं का? प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर आम्ही एका चित्रपटाच्या आधाराने शोधणार आहोत, कारण असल्या प्रशिक्षणवर्गांत हा चित्रपट दाखवला जातो हे आम्ही स्वतः पाहिलं आहे. परेश मोकाशी यांचा 2009 सालचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’.

आधी चित्रपट म्हणून दोन शब्द. मोकाशींची ही पहिलीच फिल्म, आणि त्या वर्षी भारताकडून ऑस्करला तीच गेली. नंदू माधव यांचे फाळके आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई, दोघंही झकास. सगळ्यात मोठा गुण म्हणजे हा चित्रपट रडत नाही. कर्ज, घरातलं सामान विकणं, डोळ्यांवर आलेलं संकट, ‘याला वेड लागलंय’ म्हणणारे लोक हे सगळं हसत हसत येतं. चरित्रपट म्हटला की पार्श्वसंगीत चढवून आपल्याला भारावून टाकायचं, हा रोग इथे नाही. आम्हाला तो फार आवडतो, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणायचं, प्राध्यापकांना चांगलं बघवत नाही!

आता प्रशिक्षणवर्गात काय होतं? दिवे लागतात, आणि वक्ता म्हणतो: बघा, फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, बायकोचे दागिने दिले, वाटाण्याचं रोप उगवताना फ्रेम-फ्रेम टिपत बसले. तुम्ही तुमच्या कामाला असं आपलं मानता का?

इथे मराठी भाषा आपल्या मदतीला येते. इंग्रजीतल्या त्या एका ‘ओनरशिप’च्या पोटात आपले तीन वेगळे शब्द कोंबलेले आहेत: मालकी, जबाबदारी आणि आपलेपणा. मालकी म्हणजे हक्क. नफा माझा, तोटाही माझा, आणि काय करायचं ते ठरवणारा मी. जबाबदारी म्हणजे मला जाब विचारला जाणार. आपलेपणा ही मनाची गोष्ट. कुणी हुकूम केला म्हणून ती उगवत नाही आणि मनाई केली म्हणून जात नाही. वक्ता मागतो तिसरी, पदरात घालतो दुसरी, आणि पहिलीबद्दल चकार शब्द काढत नाही.

फाळक्यांकडे तिन्ही होत्या. म्हणून तर पॉलिसी गहाण टाकता आली! ती त्यांची होती, आणि चित्र चाललं असतं तर पैसाही त्यांचा होता. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि चालला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांची जिद्द त्यामुळे कमी होत नाही. पण महिन्याच्या पगारावरच्या माणसासमोर त्यांना उदाहरण म्हणून उभं करताना हा फरक गिळून टाकणं, याला आम्ही तर्कदोष म्हणू.

मग त्या फॅक्टरीत पगारदार कोण होतं? अण्णा साळुंके. हॉटेलातला आचारी. दरमहा 10 रुपये मिळत होते, फाळक्यांनी 15 देऊ केले, आणि तो तारामती झाला. पुढे 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये त्याने राम आणि सीता दोन्ही केले. गंमत म्हणून सोडून देऊ नका. साळुंक्यांना ‘झोकून द्या’ असं व्याख्यान कुणी दिल्याचं आम्हाला कुठे दिसत नाही. पगार दीडपट झाला, आणि जे काम देशात कुणी केलं नव्हतं ते हातात आलं. चित्रपटात पुरुष नट साडी नेसून चालायला शिकतात, मिशा काढायला नकार देतात, आणि ‘काय करता’ असं विचारलं की ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे’ असं सांगायचं त्यांना शिकवलं जातं, कारण नाटक-सिनेमा म्हटलं तर अब्रू जायची. प्रेक्षक हसतात, आम्हीही हसलो. पण हा आब राखणारा मालक आहे, हे तिथेच कळतं.

आणि सरस्वतीबाई. कच्च्या फिल्मला भोकं पाडायची तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. ते काम बाई करत. शिवाय एवढ्या माणसांचा स्वयंपाक. दागिने त्यांचे गेले. मालकी? कागदावर कुठेच नाही. चित्रपट त्यांना प्रेमाने दाखवतो, त्यांच्या डोळ्यांत कुतूहलही दिसतं. तरीही आमची तक्रार आहे की या बाईला कधी थकवा आला का, एकदा तरी ‘नाही’ म्हणावंसं वाटलं का, हे विचारायला तो थांबत नाही. हलकेपणाची ती किंमत आहे. वर्गातला वक्ता तर त्यांना ‘सपोर्ट सिस्टीम’ म्हणून मोकळा होतो.

पण आमचा खरा मुद्दा चित्रपट जिथे संपतो त्याच्या पुढचा आहे. चित्रपट यशावर थांबतो, आणि ते त्याच्या गोष्टीला धरूनच आहे. आयुष्य मात्र थांबलं नाही. 1918 साली भागीदारांच्या भांडवलावर नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. खर्च किती, वेळ किती, यावरून खटके उडू लागले. आणि झोकून देणारा हाच माणूस सगळं सोडून काशीला निघून गेला. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. पुढे परत आले ते दरमहा हजार रुपये पगारावर, निर्मितिप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून. त्या काळात हजार रुपये म्हणजे भलतीच रक्कम. चित्रपट काढलेही, पण सुरुवातीची ती उमेद त्या चित्रांत पुन्हा आली नाही, असं आमचं मत आहे.

मागे पाहिलं तर हे नवीन नव्हतंच. पुरातत्त्व खात्यातली सरकारी नोकरी त्यांनी स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली होती. छापखान्यातून भागीदारांशी पटेना म्हणून बाहेर पडले होते, चित्रपटाची सुरुवातच तिथून होते. म्हणजे ज्यांना ‘आदर्श कर्मचारी’ म्हणून आपल्यापुढे ठेवतात, त्यांनी नोकरी आणि भागीदारी धरून तीनदा पाठ फिरवली! त्यांची निष्ठा कामाशी होती. खातं, छापखाना, कंपनी यांच्याशी ती तेवढ्यापुरतीच, जेवढा वेळ तिथे काम आपल्या समजुतीप्रमाणे करता येत होतं.

व्यवस्थापकांना हा चित्रपट दाखवायचा असेल तर जरूर दाखवावा, पण नंतर कर्मचाऱ्यांना नव्हे, त्यांना स्वतःलाच प्रश्न विचारावा: निर्णयातला किती भाग तुम्ही खाली दिला आहे? साळुंक्यांचे 15 रुपये तुमच्याकडे कुठे आहेत? श्रोत्यांपैकी ज्यांनी पत्र पाठवलं, त्यांनी पुढच्या मूल्यमापनाच्या बैठकीत ‘ओनरशिप’ शब्द आला की शांतपणे विचारून पाहावं, ‘तिन्हींपैकी कोणती?’ काय उत्तर आलं ते आम्हाला कळवा, पुढच्या महिन्यात त्यावर बोलू.