शौल, दावीद आणि आपले बखरकार

बायबलचा जुना करार आपल्याकडे दोन तऱ्हांनी वाचला जातो. ज्यांचा तो धर्मग्रंथ, ते हात जोडून वाचतात; ज्यांचा नाही, ते बहुधा वाचीतच नाहीत, आणि वाचलाच तर शंका काढण्यापुरता. त्यातील शमुवेलाची दोन पुस्तके मात्र तिसऱ्या दृष्टीने वाचावयास हवीत, आणि ती दृष्टी मराठी वाचकापाशी आयती आहे. कारण आपण बखरींवर पोसलेले लोक आहोत.

ग्रंथ परका वाटण्याचे तसे कारण नाही. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराची कथा मराठी ओवीत आली आहे. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावोगावी शनवार तेली म्हणत, त्यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या पूर्वजांच्या कथांवर चक्क कीर्तने रचली. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक शिकून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झाले. आणि आमच्या यवतमाळात १९५३ पासून १९८३ पर्यंत, म्हणजे ती पुण्यास जाईपर्यंत, युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. राळेगावच्या माणसाला शौलाचे नाव मात्र क्वचितच ऐकून ठाऊक असते.

असते, तर त्याला तो आपल्यातलाच वाटला असता. इस्राएलांचा हा पहिला राजा आपल्यापुढे येतो तो बापाची चुकलेली गाढवे शोधीत. गावामागून गाव पालथे घालावे, बरोबरच्या गड्याने द्रष्ट्याला विचारू म्हणावे, त्याला द्यावयास काय आहे म्हणून कनवटीची चांदी चाचपावी, विहिरीवर निघालेल्या पोरींना वाट पुसावी. हे सारे आमच्या मुलखात बैल चुकला म्हणजे होते तसेच होते. राज्याभिषेकानंतरही हा गृहस्थ शेतातून बैलांमागे चालत येताना दिसतो. याबेश-गिलादवर अम्मोनी चालून आल्याची बातमी त्याला लागते ती तिथेच.

त्याच पुस्तकात एक बारीक तपशील आहे. पलिष्ट्यांनी इस्राएलात लोहार राहू दिला नव्हता. नांगराचा फाळ पाजवावयाचा तर शत्रूच्या गावी जावे लागे. ज्याने वखराची पास लोहाराकडे नेली आहे त्याला या पारतंत्र्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तेथे ‘पीम’ असा एक शब्द येतो. जुन्या भाषांतरकारांना तो उलगडेना. कोणी त्याचा अर्थ कानस असा केला. पुढे विसाव्या शतकात उत्खननांत त्या शब्दाची अक्षरे कोरलेली दगडी वजने निघाली, आणि कळले की ती पाजवण्याची मजुरी होती, सुमारे दोनतृतीयांश शेकेल चांदी. भाविकाला यात ग्रंथाचा जय दिसेल. मला एवढेच दिसते की हे लिहिणाऱ्याला त्या मुलखाच्या बाजारातला व्यवहार ठाऊक होता. शौलाच्या वेळचे सारे खरे, असे त्यावरून ठरत नाही.

कारण याच लेखकाच्या हातात एकमेकांशी न जुळणारे कागद आहेत. शौल राजा कसा झाला? एका कथेत शमुवेल त्याच्या माथ्यावर गुपचूप तेल ओततो. दुसरीत मिस्पा येथे चिठ्ठ्या पडतात आणि राजेसाहेब सामानसुमानात लपलेले सापडतात. तिसरीत याबेश सोडविल्यावर लोक त्याला राजा करतात. दावीद एकदा वीणावादक म्हणून दरबारी येतो, शौलाचा लाडका होतो. पुढच्याच अध्यायात गल्याथाला मारतो तेव्हा हा कोणाचा मुलगा म्हणून शौल चौकशी करतो. आणि दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस तोच गल्याथ एल्हानान नावाच्या वीराने मारल्याची नोंद आहे! मृत समुद्राकाठच्या गुहांत मिळालेल्या शमुवेलाच्या प्राचीन प्रतीत गल्याथाची उंचीही सहा हातांऐवजी चारच हात आहे. वीर वाढत जातात, तसे त्यांचे शत्रूही वाढत जातात.

हे आपल्याला नवे नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले, आणि शतकभराने मल्हार रामराव चिटणीसाने तेच पुन्हा लिहिले. दोन्ही शेजारी ठेवून वाचा म्हणजे काळाचा हात कसा फिरतो ते दिसेल. राजवाड्यांनी १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढताना बखरींवर आसूड ओढला, तो बव्हंशी योग्यच होता; पण मूळ कागदांच्या आवेशात बखर म्हणजे निव्वळ भाकड, असे जे पुढे काहींनी धरून ठेवले ते योग्य नव्हे. विसंगती ही नेहमीच लबाडी नसते. पुष्कळदा ती प्रामाणिकपणाची खूण असते: दोन आठवणी मिळाल्या, खरी कोणती ते कळेना, तेव्हा लेखकाने दोन्ही ठेवल्या.

लबाडी पाहावयाची तर ‘इतिहास’ नावाची जी पुढची पुस्तके आहेत ती पाहावीत. शमुवेलातला दावीद उरीयाच्या बायकोला घेतो आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवितो. नाथान त्याला भर दरबारात गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगून पकडतो. इतिहासकर्त्याने हे प्रकरणच गाळले. गल्याथाची अडचण त्याने सोपी केली: एल्हानानाने मारला तो गल्याथाचा भाऊ! चिटणिशी हातोटी ती हीच.

यावर कोणी विचारील की दावीद खरोखर होऊन गेला का. १९९३ साली इस्राएलच्या उत्तरेस तेल दान येथे शिलालेखाचा तुकडा सापडला. तो अरामी भाषेत, शत्रुराजाच्या वतीने कोरलेला, इ. स. पूर्व नवव्या शतकातला आहे, आणि त्यात ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख बहुतेक पंडितांना मान्य आहे. म्हणजे पुरुष झाला असावा. त्याचे राज्य ग्रंथात आहे तेवढे मोठे होते, की डोंगरातले एक लहानसे संस्थान, यावर उत्खननकारांचे भांडण आजही चालू आहे. शौलाचे नाव कोरलेला दगड अद्याप हाती नाही.

मला मात्र राज्याच्या विस्तारापेक्षा शमुवेलाचा म्हातारपणीचा इशारा मोलाचा वाटतो. लोक राजा मागतात तेव्हा तो त्यांना हिशेब वाचून दाखवितो: राजा तुमची मुले रथांपुढे धाववील, मुली स्वयंपाकाला नेईल, चांगली शेते आपल्या माणसांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, तुमची गाढवेदेखील नेईल. दहावा हिस्सा! सरदेशमुखीचा दर तोच. वऱ्हाडाने निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दुअंमली सोसली आहे. येथल्या कुणब्याला हा अध्याय समजावण्यास पाद्री लागत नाही. आणि लेखकाची खोच पाहा, गाढवे जातील असे बजावून झाल्यावर पुढच्याच अध्यायात भावी राजा गाढवे शोधीत येतो. शलमोनाच्या वेळी इशारा अक्षरशः खरा होतो. राज्याचे बारा भाग आणि एकेका भागाने एकेक महिना दरबार पोसावयाचा, वेठबिगार निराळीच. पुत्र रहबाम याने ओझे कमी करण्यास नकार दिला, आणि उत्तरेचे दहा वंश फुटले.

राजाच्या पदरी असलेल्या कोणी हे लिहिले असेल, तर त्याच्या धारिष्टाची कमाल म्हटली पाहिजे. माझ्या मते या पुस्तकांची खरी थोरवी रिस्पाच्या प्रसंगात आहे. शौल मेला, सत्ता गेली. दुष्काळ पडला म्हणून दावीदाने शौलाचे सात वंशज गिबोनी लोकांच्या हवाली केले आणि त्यांनी ते डोंगरावर टांगले. त्यात रिस्पाचे दोन मुलगे. सातूच्या कापणीच्या आरंभी ती खडकावर गोणपाट अंथरून बसली ती पाऊस पडेपर्यंत. दिवसा पाखरांना आणि रात्री श्वापदांना त्या प्रेतांना शिवू दिले नाही. राजाला ते कळले तेव्हा त्याने शौल व योनाथान यांची हाडे आणवून कुळाच्या थडग्यात पुरविली. इतिहासकर्त्याने ही बाईही गाळली आहे.