ढवळ्या, पवळ्या आणि डबा

मधल्या सुट्टीत चौघे मित्र घरचे डबे तसेच ठेवून फाटकाबाहेरच्या वडापावकडे धावतात, तेव्हा ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपल्या ओठांवर तयारच असते. संगतीने खाणे बिघडते, असे पालकसभेत सांगितले की झाले. पण याला पुरावा कोणता?

२००७ साली क्रिस्टाकिस व फाउलर यांनी अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घ पाहणीतून १२,०६७ प्रौढांची माहिती तपासली. मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असे त्यांचे गणित सांगत होते. लठ्ठपणा ‘संसर्गजन्य’ असल्याचा बराच गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी कोहेन-कोल व फ्लेचर यांनी तशीच गणिती रीत तेथील किशोरवयीन मुलांच्या पाहणीला लावली. मात्र वजनाऐवजी मुरुमे, डोकेदुखी आणि उंची घेतली. तीही मित्राकडून मित्राकडे ‘पसरत’ असल्याचे उत्तर आले! म्हणजे गुणच काय, वाणही लागला. परिसराचा परिणाम हिशेबात घेताच हा संसर्ग टिकला नाही.

सारख्या आवडीची मुले मैत्री करतात आणि एका शाळेतल्या मुलांना समोरचे दुकानही एकच असते. हे वजा न करता मित्रांना दोष देणे म्हणजे छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला असे मानणे.

मग संगतीचा परिणाम नसतोच का? असतो, पण तो दाखवायला प्रयोग लागतो. लीअन बर्च यांचा १९८० मधला प्रयोग म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. बालवाडीतल्या ३९ मुलांची ९ भाज्यांबद्दलची आवड त्यांनी आधी नोंदवली. मग एकेका मुलाला उलट आवडीच्या तिघा-चौघांबरोबर जेवायला बसवले. हे सोबती मुलाने निवडलेले नव्हते आणि पुढ्यात सर्वांना त्याच दोन भाज्या होत्या. पहिल्या दिवशी त्या मुलाने आधी भाजी निवडली, पुढचे तीन दिवस इतरांनी. चौथ्या दिवसापर्यंत मुलांचा कल नावडत्या भाजीकडे वळला. पुढे सोबती नसतानाही तिची आवड वाढलेली आढळली. वयाने लहान मुलांवर परिणाम अधिक होता.

प्रयोग छोटा आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या वडापावाबद्दल तो काही सांगत नाही. पण त्यात मुले एकमेकांचे पाहून भाजी खायला लागली, हे संगतीला नावे ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. शालेय पोषण आहाराची पंगत तर शिक्षकांसमोरच बसते. उसळ बाजूला सारणाऱ्या मुलाला ती आवडीने खाणाऱ्या तिघांमध्ये बसवून पाहावे, मुलांना कारण सांगू नये, आणि तसेच दुसरे एखादे मूल नेहमीच्याच जागी ठेवून दोघांच्याही ताटांची चार दिवस नोंद करावी.