आठवड्याचे कोडे आणि क्रमवारीची बाधा

एरिक वास्टल यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ या डिसेंबरातील प्रोग्रॅमिंगच्या कोड्यांच्या मालिकेने २०२५ मध्ये आपली जागतिक क्रमवारी काढून टाकली आणि पंचवीस दिवसांचा पसारा बारा दिवसांवर आणला, ही घटना अशा कोड्यांच्या कलाप्रकाराच्या इतिहासात उशिरा आलेली, पण अत्यंत शुभ घटना मानली पाहिजे. पहिल्या शंभर सोडवणाऱ्यांना गुण देणारी ती यादी २०२४ मध्ये इतकी बिघडली होती की, कोडे नीट वाचून होण्याच्या आतच, काही सेकंदांत, उत्तरे दाखल होत होती. आणि जिथे वाचल्याशिवाय जिंकता येते तिथे कला उरलेली नसते.

या पडझडीत एक परंपरा मात्र शाबूत राहिली असून तिच्याकडे मराठी वाचकांनी मुद्दाम लक्ष द्यावे, इतके तिचे मोल आहे. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली पर्ल ही ‘स्क्रिप्टिंग’ भाषा, म्हणजे वेगळ्या संकलनाच्या पायरीची वाट न पाहता लिहिले की लगेच चालवता येणारी भाषा. एकच काम करण्याचे एकाहून अधिक मार्ग असतात, हे तिचे ब्रीद. त्या ब्रीदाला साजेसा उपक्रम मोहम्मद साजिद अन्वर यांनी मार्च २०१९ मध्ये सुरू केला. ‘द वीकली चॅलेंज’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमात दर सोमवारी दोन कोडी दिली जातात, उत्तरासाठी आठवडा मिळतो, भाषेचे बंधन नसते आणि सर्वांची उत्तरे एकाच खुल्या भांडारात शेजारीशेजारी ठेवली जातात. येथेही गुण आहेत, पण ते सातत्याने भाग घेण्याचे आहेत, वेगाचे नाहीत. २०२४ च्या अखेरीस या उपक्रमाने तीनशेवा आठवडा गाठला.

त्याचे अगदी पहिले कोडे जवळून पाहण्याजोगे आहे. ‘पर्ल वीकली चॅलेंज’ या रोमन लिपीतील शब्दसमूहातले प्रत्येक लहान ‘ई’ मोठे करायचे आणि ते किती वेळा आले हे सांगायचे, एवढेच ते कोडे. सी भाषेची सवय असलेला लेखक एकेक अक्षर तपासत, गणक वाढवत सहा-सात ओळी लिहील. पर्लमध्ये मुरलेला लेखक ‘टीआर’ हा अक्षर बदलणारा कारक वापरील, कारण तो बदल करतो आणि किती बदल झाले ती संख्याही परत देतो, त्यामुळे पाच हे उत्तर वेगळ्या गणतीशिवाय हाती येते. पर्लचीच बहीण असलेल्या राकूमध्ये ‘ट्रान्स’ वापरणाऱ्याला मूळ अक्षरमालिका न बदलता नवी मालिका मिळते, म्हणून गणती त्याला स्वतंत्रपणे करावी लागते. उत्तर एकच, पण ‘बदल म्हणजे काय’ याविषयीच्या तीन भूमिका येथे समोरासमोर येतात. पहिल्या काही वर्षांत लॉरां रोझनफेल्ड आणि कॉलिन क्रेन यांनी अशा उत्तरांची समीक्षणे लिहिली, तेव्हा या कोड्यांना केवळ सोडवणारे नव्हे, तर रसिकही लाभले.

मागांशी परिचय असलेल्या भिवंडीच्या वाचकाला हा मुद्दा अधिक सहज उमगेल. जकार्डच्या मागावर नक्षी ठरते ती भोके पाडलेल्या पत्त्यांच्या माळेत. पत्त्यावर कोणत्या जागी भोक आहे यावर ताण्याचा कोणता धागा उचलला जाणार हे अवलंबून असते आणि हीच पत्त्यांची कल्पना चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. नक्षीची पारख करणारा कारागीर कापडाबरोबर पत्तेही पाहतो; कोड्याची पारख करणाऱ्यानेही उत्तराबरोबर रचना पाहिली पाहिजे.

कोड्यांच्या इतर प्रवाहांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. कमीत कमी अक्षरांत उत्तर कोंबणारा ‘कोड गोल्फ’ हा हस्तचापल्याचा खेळ आहे. मुलाखतीसाठी पाठ करून घेतलेली कोडी हा शिकवणीचा धंदा आहे. आणि २००९ मध्ये मुंबईतून सुरू झालेल्या ‘कोडशेफ’ने भारतीय विद्यार्थ्यांसाठी स्पर्धेचे मोठे दालन उघडले हे मान्य केले, तरी घड्याळ लावून लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचावा म्हणून लिहिलेला नसतो.

क्रमवारीमुळे चुरस येते आणि नोकरीच्या परीक्षाही वेळ लावूनच होतात, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो फसवा आहे. परीक्षा माणसे निवडण्यासाठी असते, कला माणसे घडवण्यासाठी. चाळणीलाच शिक्षण मानणाऱ्या समाजाच्या हाती शेवटी फक्त कोंडा राहतो. लिहिलेला कोड वर्षानुवर्षे परके लोक वाचतात आणि दुरुस्त करतात. ‘लिहिता येते, वाचता येत नाही’ हा पर्लवरचा जुना ठपका भाषेपेक्षा चमत्कृतीच्या हौसेने अधिक ओढवून घेतला होता. २०२२ च्या ५.३६ आवृत्तीत फलनाला मिळणारी मूल्ये त्याच्या डोक्यावरच नावानिशी मांडण्याची सोय पक्की झाली. अशा सोयी अंगवळणी पडतात त्या वेळ देऊन लिहिलेल्या आणि समजावून सांगितलेल्या उत्तरांतून, सेकंदांच्या शर्यतीतून नव्हे.

आता यंत्रच क्षणात उत्तर लिहून देत असताना नुसत्या उत्तराला काहीच किंमत उरलेली नाही, हे महाविद्यालयांनी आणि शिकवण्यांनी उघडपणे मान्य करावे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणकाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले. पण ऐकून शिकलेल्या विद्यार्थ्याला स्वतःचा विचार स्वतःच्या भाषेत मांडण्याची सवय लावणे हे पुढचे काम अजून व्हायचे आहे. मराठी, उर्दू आणि तेलुगू एकाच वस्तीत नांदणाऱ्या भिवंडीसारख्या शहरात तर ते अगत्याने झाले पाहिजे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. आठवड्याला एक कोडे, कोणत्याही भाषेतला कोड, त्यासोबत विद्यार्थ्याच्या बोलीतले एक पानाचे स्पष्टीकरण, आणि सर्वांनी मिळून केलेले वाचन, एवढे पुरेसे आहे. नियम मात्र कडक हवा: ज्याला आपली निवड समजावून सांगता येत नाही, त्याचे उत्तर बरोबर असले तरी ते दिलेच नाही असे मानावे.