रँचोची प्रयोगवही कुठे आहे?

नेट-सेट किंवा पेटची तयारी करणाऱ्यांशी गप्पा मारताना एक नाव हमखास निघतं: रँचो. राजकुमार हिरानींचा 'थ्री इडियट्स' २००९ चा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो शाळेत असताना पाहिला असेल. पाठांतर नको, समजून घ्या, हे त्याचं म्हणणं आजही पटतं. पण संशोधनाकडे वळताना तो पुन्हा एकदा, जरा कोरड्या नजरेनं बघा.

जॉय लोबोचा प्रसंग घ्या. हा मुलगा कॅमेरा बसवलेलं छोटं हेलिकॉप्टर बनवतोय. मुदतवाढ मिळत नाही, मॉडेल कचऱ्यात जातं. रँचो ते उचलतो, मित्रांना घेऊन दुरुस्त करतो, आणि ते उडत उडत जॉयच्या खिडकीपाशी पोहोचतं. आत जॉयनं गळफास घेतलेला असतो. प्रसंग हलवून सोडतो, आणि व्यवस्थेवरचा आरोपही रास्त आहे. पण मॉडेल उडत का नव्हतं? रँचोनं नेमकं काय बदललं? किती वेळा पडलं? हे कुठेच कळत नाही. जॉय ज्यावर अडून बसला, ते रँचोला एका गाण्याच्या अवधीत जमतं. म्हणजे सिनेमा नकळत सांगतो काय, तर ज्याला जमतं त्याला सहज जमतं.

आणि शेवटी रँचोचं मोठेपण मोजलं कशानं जातं? चारशे पेटंट्सनी! मार्कांची शर्यत मोडायला निघालेली गोष्ट दुसऱ्या एका आकड्यापाशी येऊन थांबते.

आता पडद्यावरून थेट परळला या. ज्यांच्या नावानं तिथली संस्था ओळखली जाते, त्या वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. सिनेमा असता तर इथेच संपला असता. पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वातानं गेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून दूर केलं गेलं. हे १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाकीच्या बाटल्यांमुळे कुणाला धनुर्वात झाला नव्हता. हाच मुद्दा लावून धरला गेला, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. कुणाला कुठल्या बाटलीतून लस दिली ही नोंदच नसती, तर? रँचोच्या गोष्टीत अशा नोंदीला जागाच नाही.

आपल्या कॉलेजांत संशोधनाच्या जवळ जाणारी गोष्ट मला एकांकिकेच्या तालमीत दिसते. रुईया, रुपारेल, कीर्तीची मुलं एकच प्रवेश रात्र रात्र बसवतात, एखादा लाइट क्यू चुकला की पुन्हा पहिल्यापासून. चतुरंगच्या 'सवाई'त तर दुसऱ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकाच उतरतात. म्हणजे जिंकलेलं नाटकही पुन्हा तपासायला काढावं लागतं. कॉलेजवरच्या सिनेमांत कट्टा भरपूर, 'दुनियादारी'त तर तोच केंद्रस्थानी. ही तालीम मात्र क्वचितच दिसते.

हे सगळं कशासाठी सांगतोय? पीएचडीच्या पहिल्या वर्षी प्रयोग फसायला लागले की हुशार मुलंसुद्धा 'आपण त्यातले नाही' म्हणत बाहेर पडतात. त्यांचा प्रयोग साधारण वेगानंच चाललेला असतो. डोक्यातलं माप तेवढं सिनेमातलं असतं.

मुलाखतीत रँचोचं नाव घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त पुढच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये तुमचं काय फसलं, आणि त्यानंतर तुम्ही काय बदलून पाहिलंत? वही सोबत नेलीत तर उत्तमच.