संमिश्र प्रतलातील आकृती आणि संज्ञेचा प्रश्न

समीकरणांच्या काही मूळांस देकार्तने १६३७ मध्ये ‘काल्पनिक’ म्हटले आणि ते विशेषण पुढे √−१ या राशीस कायमचे चिकटले. १८३१ मध्ये गाउसने या नावावरच आक्षेप घेतला. +१, −१ व √−१ यांना धन, ऋण व काल्पनिक न म्हणता सरळ, उलट व पार्श्वीय एकके म्हटले असते, तर या विषयाभोवती गूढता उरलीच नसती, असा त्याचा अभिप्राय होता. हे मत मार्मिक आहे. परंतु ते पुरेसे आहे काय?

‘पार्श्वीय’ ही संज्ञा दिशा सुचविते, हा तिचा गुण निर्विवाद होय. वेसेलने १७९७ मध्ये व आर्गांने १८०६ मध्ये मांडलेल्या भूमितीय कल्पनेशी ती सुसंगतही आहे. तथापि आकृती संज्ञेतून प्रकट होत नाही. ती विधानातून प्रकट होते. |क्ष − अ| = त हे समीकरण ‘अ पासून क्ष चे अंतर त आहे’ असे सरळ वाक्य आहे, आणि वर्तुळाची व्याख्याही तीच. त्यातील राशीस काल्पनिक म्हटले काय किंवा पार्श्वीय म्हटले काय, वाक्याचा अर्थ ढळत नाही.

मात्र ही सुबोधताही निर्दोष नाही. अ व ब हे भिन्न बिंदू आणि म ही धन संख्या घेतली, तर |क्ष − अ| = म|क्ष − ब| या समीकरणाने सामान्यतः अपोलोनियसचे वर्तुळ मिळते; म = १ असता मात्र अब या रेषाखंडाचा लंबदुभाजक मिळतो. रचना तीच असता वर्तुळाची रेषा का व्हावी, हे त्या वाक्यावरून कळत नाही. दोन्ही बाजूंचा वर्ग करून क्ष ची अनुबद्ध संख्या क्ष′ योजिली, म्हणजे क्षक्ष′ या पदाचा गुणक १ − म² येतो. म = १ असता ते पद लोप पावते व रेषेचे समीकरण शेष राहते. रेषा आणि वर्तुळ एकाच कुळातील आहेत, हे येथे प्रथम उघड होते.

दोन्ही रूपे समानार्थी खरी. पण एक अंतर सांगते, दुसरे कुळ सांगते. गाउसचा आक्षेप शब्दापुरता ग्राह्य धरला, तरी अर्थाचा मुख्य भार रचनेवरच पडतो. दुसऱ्या रूपास पहिल्याचा केवळ विस्तार मानून जे अध्यापन होते, त्यात विद्यार्थ्याच्या हाती उत्तर येते, कारण येत नाही.