विवृत्तीय वक्रांची निवड : एक पाठचिकित्सा

महानुभाव पंथाच्या पोथ्यांची सकळ लिपी मराठीच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. वर्णाच्या जागी ठरावीक दुसरे चिन्ह योजून लिहिलेल्या या पोथ्या कित्येक शतके पंथाबाहेरच्या वाचकास बंद होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीची किल्ली उलगडली आणि तीत लिहिलेले सारेच वाचनीय झाले. कोणती पोथी केव्हा लिहिली गेली याने काही फरक पडला नाही. वाङ्मयेतिहासाला हा मोठाच लाभ होता. गुप्ततेच्या दृष्टीने मात्र यात एक मूलभूत दोष दिसतो. किल्ली एकच असली म्हणजे ती हाती लागताच पुढचे तर उघडे पडतेच, परंतु मागचेही सर्व उघडे पडते. लालबाग-चिंचपोकळीच्या चाळींतून मुले जी 'च'ची भाषा बोलत आली, 'मला'चे 'चलाम' करणारी, तिचीही गत हीच.

संगणकांच्या जाळ्यावरील सर्व्हर परवापरवापर्यंत याच दोषाने ग्रस्त होते. चिंचपोकळीच्या फलाटावर उभा राहून मोबाइलवरून बँकेचा व्यवहार करणारा प्रवासी आणि बँकेचा सर्व्हर यांच्यामध्ये प्रथम एक तात्पुरती किल्ली ठरते. जुन्या पद्धतीत तिचे बीज सर्व्हरच्या कायम किल्लीने बंद करून पाठविले जाई. वाटेत कोणी हे संभाषण नुसते साठवून ठेवले आणि काही वर्षांनी ती कायम किल्ली मिळविली, की साठविलेले सर्व संभाषण त्याला वाचता येई. हे भय काल्पनिक नव्हते. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या 'हार्टब्लीड' या दोषामुळे सर्व्हरच्या स्मृतीतून कायम किल्ल्याही चोरता येत होत्या. यावरील उपाय डिफी व हेलमन यांच्या १९७६ च्या निबंधात बीजरूपाने होता. दोन्ही पक्षांनी प्रत्येक भेटीस नवी गुप्त संख्या घ्यावी, तिच्यावरून सामाईक किल्ली साधावी आणि काम होताच दोहोंचा नाश करावा. कायम किल्लीकडे केवळ ओळख पटविणाऱ्या सहीचे काम उरावे. ऑगस्ट २०१८ च्या टीएलएस १.३ या नियमसंहितेने जुनी पद्धत काढूनच टाकली.

या गुणास इंग्रजीत 'फॉरवर्ड सीक्रसी' म्हणतात. त्याचे 'अग्रगामी गुप्तता' असे शब्दशः भाषांतर केल्यास अर्थाचा विपर्यास होतो. रक्षण व्हावयाचे असते ते कालच्या संभाषणाचे, उद्याच्या चोरीपासून. 'गतगोपन' हा शब्द त्यापेक्षा बरा. पुढे तोच योजिला आहे. 'विवृत्तीय वक्र' या संज्ञेबाबतही सावध असावे. हा वक्र म्हणजे विवृत्त नव्हे. विवृत्ताच्या कंसाची लांबी काढताना जी समाकले येतात, त्यांच्यावरून परंपरेने हे नाव त्यास चिकटले आहे.

१९८५ साली नील कॉब्लिट्झ व व्हिक्टर मिलर यांनी, परस्परांस नकळत, डिफी-हेलमन पद्धतीसाठी असे वक्र सुचविले. साध्या संख्यांवर ज्या बळासाठी सुमारे ३०७२ द्विमान अंकांची संख्या लागते, ते बळ वक्रावर २५६ अंकांत मिळते. दर भेटीस नवी किल्ली घडवावयाची असल्यामुळे ही काटकसर सर्व्हरला फारच मोलाची आहे. मग वक्र कोणता घ्यावा? प्रश्न गणिताचा दिसतो. पण व्यवहारात तो बराचसा पाठचिकित्सेचा आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेने जानेवारी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाणपत्रिकेत पी-२५६ हा वक्र आहे. त्याचा एक सहगुणक १६० द्विमान अंकांच्या एका बीजसंख्येवर 'शा-१' ही प्रक्रिया करून काढलेला आहे. बीजावरून सहगुणक कसा निघतो, हे कोणासही पडताळता येते. परंतु बीज कोठून आले, याविषयी पत्रिका मौन पाळते. या वक्रांच्या घडणीत राष्ट्रीय सुरक्षा संस्था या हेरखात्याचा हात होता, ही गोष्ट लक्षात घेता हे मौन क्षुल्लक ठरत नाही. ज्यास काही विशिष्ट वक्रांचे वैगुण्य एकट्यालाच ठाऊक आहे, तो तसा वक्र निघेपर्यंत बीजामागून बीज तपासू शकेल, आणि वाचकास केवळ शेवटचे बीज दिसेल. तसे घडले असे म्हणावयास पुरावा नाही. पी-२५६ चे कोणतेही वैगुण्य आजवर उजेडात आलेले नाही. तथापि त्याच संस्थेने २००६ साली पुरस्कारिलेल्या 'ड्युअल ईसी' या यादृच्छिक संख्यांच्या यंत्रणेतही दोन बिंदू कारण न सांगता दिले होते. त्यांत चोरवाट दडू शकते हे २००७ मध्येच शुमो व फर्ग्युसन यांनी दाखविले, आणि २०१३ च्या गौप्यस्फोटानंतर ती यंत्रणा मागे घ्यावी लागली.

याउलट डॅनियल बर्नस्टाइन यांचा २००६ चा निबंध पाहावा. त्यांच्या कर्व्ह२५५१९ ची मूळ संख्या २ चा २५५ वा घात वजा १९ अशी आहे आणि सहगुणक ४८६६६२ आहे. निकष सांगून लेखक म्हणतो की, त्यांना उतरणारे लहानांत लहान सहगुणक ३५८९९०, ४६४५८६ व ४८६६६२ हे होत. पैकी पहिले दोन का सोडले, तेही तो नमूद करतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत त्याज्य पाठ तळटीपेत सापडतात, आणि म्हणूनच संपादकाशी वाद घालता येतो. तशीच ही सोय आहे. अर्थात कारण दिले म्हणजे शंका निःशेष होते असे नाही. निकषच सोयीचे निवडून हवा तो वक्र 'सहज' निघाला असे भासविता येते, हे २०१४ साली खुद्द बर्नस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनीच सिद्ध केले. पण कारणे लिहिलेली असली तर लबाडीला वाव थोडा उरतो.

कर्व्ह२५५१९ च्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. पी-२५६ मध्ये समोरून आलेला बिंदू खरोखर वक्रावर आहे की नाही हे तपासावे लागते. ते विसरणारा कारागीर किल्ली गमावतो. कर्व्ह२५५१९ ची रचनाच अशी आहे की ही चूक सहसा महागात पडत नाही. तेव्हा सर्व्हरच्या यादीत त्यास पहिले स्थान द्यावे आणि जुन्या ग्राहकांसाठी पी-२५६ दुसरा ठेवावा. पी-३८४ धिमा आहे, आणि निव्वळ अंक मोठा म्हणून तो पुढे करण्यात अर्थ नाही. प्रमाण संस्थेनेही फेब्रुवारी २०२३ च्या पत्रिकेत कर्व्ह२५५१९ चा समावेश केला आहे.

वक्रांच्या चर्चेत रमणारे पुष्कळ जण एक गोष्ट नजरेआड करतात. परतून येणाऱ्या ग्राहकास सर्व्हर जे 'तिकीट' देतो, ते बंद करण्याची किल्ली महिनोन्महिने बदलली नाही, तर टीएलएस १.२ मध्ये त्या अवधीतील संभाषणे त्या एका किल्लीने उलगडतात. वक्र कितीही निर्दोष असो, सकळ लिपीची स्थिती पुन्हा येते. तात्पुरती संख्या सोयीसाठी अनेक भेटींस वापरणे हाही तोच प्रमाद होय. शिवाय पुरेसे मोठे क्वांटम संगणक निर्माण झाल्यास आज साठविलेली संभाषणे कोणत्याही विवृत्तीय वक्राच्या गतगोपनाला न जुमानता उघडतील. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या 'एमएल-केम' या निराळ्या पद्धतीची जोड कर्व्ह२५५१९ ला देण्यास सुरुवात झाली आहे, आणि त्या जोडीतही वक्र काढून टाकलेला नाही.